शीघ्र न्याय आणि स्वतंत्र न्यायाधीश

एखादा उद्योग बुडाला म्हणजे त्याच्या देण्याघेण्याचा निवाडा लवकर व्हावा, ही अर्थव्यवहाराची गरज असते. विलंब होईल तसतशी मालमत्तेची किंमत घसरते आणि धनको, पुरवठादार व कामगार यांच्या पदरी कमी पडते. याच विचाराने अमेरिकन काँग्रेसने १९७८ मध्ये कायदा करून दिवाळखोरीच्या संघीय न्यायालयांना व्यापक अधिकार दिले. दिवाळखोर कंपनीशी निगडित असा जवळजवळ प्रत्येक दावा त्यांनीच चालवावा, अशी ती योजना होती.

परंतु या न्यायाधीशांची मुदत अवघी १४ वर्षांची होती आणि त्यांच्या वेतनात कपात होणार नाही अशी हमी नव्हती. अमेरिकन राज्यघटनेचा तिसरा अनुच्छेद तर संघीय न्यायाधीशांना सद्वर्तन असेतोवर पद व अबाधित वेतन देतो. नॉर्दर्न पाइपलाइन कंपनीने १९८० मध्ये मॅरेथॉन कंपनीवर करारभंगाचा दावा दिवाळखोरी न्यायालयात लावला, तेव्हा ही विसंगती ऐरणीवर आली. २८ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हे अधिकारदान घटनाबाह्य ठरविले. राज्याच्या कायद्यातून उपजलेल्या कराराच्या हक्काचा अंतिम निवाडा स्वतंत्र न्यायाधीशानेच केला पाहिजे, हे त्या निकालाचे सार होय. १९८४ मध्ये कायदा बदलावा लागला. २०११ च्या स्टर्न खटल्यातही न्यायालयाने, ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने का होईना, तेच तत्त्व पुन्हा उचलून धरले.

अशाने एकाच वादाची दोन ठिकाणी सुनावणी होते, खर्च वाढतो, हा आक्षेप खोटा नाही. तथापि दिवाळखोरीत करवसुलीसाठी सरकार स्वतःच धनको म्हणून उभे असते. ज्याचे पद व वेतन सरकारच्या मर्जीवर, त्याने सरकारच्याच दाव्याचा निवाडा करावा, यावर इतर धनकोंनी कितपत भरवसा ठेवावा? आणि भरवसा नसेल तेथे कर्ज महागते.

भारतातही हाच प्रश्न निराळ्या वेषात आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्रशासकीय न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली आणि उच्च न्यायालयांना बाजूला सारण्याची सोयही ठेवली. १९९७ मध्ये चंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ती सोय रद्द केली. न्यायाधिकरणे पूरक आहेत, पर्यायी नव्हेत, असा त्याचा अर्थ. बढती नाकारल्या गेलेल्या एखाद्या सरकारी कारकुनाला न्यायाधिकरणानंतर उच्च न्यायालयाचे दार उघडे राहते, ते या निकालामुळे.

विशेष न्यायालये हवीतच. कर्जवसुली, कर, सेवाशर्ती यांतील गुंतागुंत तज्ज्ञतेवाचून उलगडत नाही. मात्र ती स्थापन करणाऱ्या सरकारने न्यायाधीशाची मुदत, वेतन व नेमणूक आपल्या मुठीबाहेर ठेवली पाहिजे. सरकार स्वतःच पक्षकार असते तेव्हा सामान्य माणसाजवळ न्यायाधीशाच्या निःस्पृहतेखेरीज दुसरे बळ नसते.