साठ हजारांचं पाकीट

आरोंद्याहून किरणपाणीचा पूल ओलांडला की पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. माझी भाची रोज सकाळी सातला स्कूटरवरून त्या पुलावरून जाते. पलीकडच्या एका औषध कंपनीत ती पॅकिंगला आहे. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, अंगात बोटांपर्यंत पोचणारा सनकोट. खाली तेरेखोलचं पाणी उन्हाने लखलखत असतं आणि हिची बोटभर कातडी उघडी नसते. मग दिवसभर एसी हॉल, टोपी, मास्क, हातमोजे. घरी पोचते तेव्हा तुळशीपुढे दिवा लागलेला असतो.

गेल्या महिन्यात आली ती हातात रिपोर्ट घेऊनच. “मावशे, माझां डी बारा इलां.”

लग्नाला तीन वर्षं झाली, घरात पाळणा नाही. म्हणून तपासण्या सुरू झाल्या आणि पहिल्याच खेपेला रक्ताच्या लांबलचक यादीत हा बारा निघाला. शेजारी छापलेलं, ३० च्या वर हवं. आकडा ठळक, पुढे खाली तोंड केलेला बाण. तिच्या सासूने तो बाण पाहिला आणि तीन वर्षं हरवलेली किल्ली सापडावी तसा तिचा चेहरा उजळला. “पाकिटां घेतली काय पाळणो हलतलो मां?”

पाकिटं म्हणजे साठ हजार युनिटची ती पूड. आठवड्याला एक, दुधातून, आठ आठवडे. घ्यावीत, माझं काही म्हणणं नाही. बारा हा आकडा कमीच आहे, आणि हाडांसाठी ड जीवनसत्त्व लागतंच. पण पाळण्याचं काय, ते मी जरा वाचून काढलं.

हे जीवनसत्त्व आपली कातडीच बनवते, पण त्याला लागणारे किरण कोवळ्या उन्हात फारसे नसतात. बाळाला तेल लावून सकाळच्या उन्हात धरायची आपली रीत गोड आहे, पण आपली सावली आपल्यापेक्षा लांब पडते तोवर त्या उन्हाकडून फार आशा नको. खरं काम होतं ते अकरा ते दोनच्या, आपण शिव्या घालतो त्या उन्हात. काचेतून हे किरण आत येत नाहीत. सावळ्या कातडीला तेवढ्याच कामाला जास्त वेळ लागतो. राहता राहिले बांगडे आणि तारली. मासे खाणाऱ्याला थोडं मिळतं, पण नुसत्या माशांवर भागत नाही.

म्हणून भाची एकटी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यात १,१३७ धडधाकट तरुण माणसं होती, आणि त्यातल्या सुमारे ७० टक्क्यांचा डी २० च्याही खाली होता. त्या सगळ्यांना मुलं होत नव्हती, असं काही नव्हे.

अंडाशयात आणि गर्भाशयाच्या अस्तरात हे जीवनसत्त्व ओळखणाऱ्या जागा आहेत, हे खरं. टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या बायकांत ज्यांचा डी चांगला, त्यांना थोडं अधिक यश येतं, असंही काही पाहण्यांत दिसलं. पण वजन जास्त असलं, पीसीओएस असलं की डी खाली जातो आणि पाळीही बिघडते. मग दोष कोणाचा, डीचा की वजनाचा? इटलीतल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. उपचार घेणाऱ्या, डी कमी असलेल्या सहाशेहून अधिक बायका घेतल्या. निम्म्यांना एकदम सहा लाख युनिट दिले, निम्म्यांना तसंच दिसणारं खोटं औषध. २०२१ साली निकाल आला. डी वाढला, गर्भ राहण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने तर २०२४ मध्ये सांगून टाकलं, की निरोगी माणसाची ही तपासणी उगाच करत बसू नका. गरोदरपणात मात्र डी द्यावा, हेही त्यांनीच सांगितलं.

हे वाचताना मला आमच्या वाडीतली एक काकू आठवत राहिली. एप्रिल-मे म्हणजे तिचं कोकमांचं राज्य. फळं फोडायची, आगळात बुडवायची, चटईवर पसरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा आगळ, पुन्हा ऊन. भर दुपारी डोक्यावर पदर तेवढा, हात कोपरापर्यंत लालजांभळे, पाठ तापलेली. तिचा डी कोणी मोजला नाही, पण मोजला असता तर बाण खाली तोंड करून बसला नसता, असं मला वाटतं. तिला मूल झालं नाही. देवीला गाऱ्हाणी घालून झाली, नवस झाले, कोणी तिला ओटी भरायला बोलवीनासं झालं. शेवटी काकांनी दुसरी केली. तिलाही मूल झालं नाही. तेव्हा वाडीने काय म्हणावं? दोघींचाही पायगुण!

काकांना काही असेल, हे कोणाच्या मनातही आलं नाही. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटा जवळजवळ अर्धा असतो. त्याची पहिली तपासणी सगळ्यांत सोपी, सुई नाही, उपास नाही, खर्चही थोडा. आणि तरी ती सगळ्यांत शेवटी होते. बाईच्या रक्ताच्या बारा बाटल्या भरून झाल्यावर.

परवा भाची पुन्हा आली. तिसरं पाकीट झालं होतं. चहा घेता घेता मी विचारलं, “जावयांची तपासणी झाली काय गो?”

तिने सनकोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, स्कार्फची गाठ मारली.

“तेंका रजा गावणा नाय, मावशे,” ती म्हणाली, आणि स्कूटर चालू केली.