तुरुंगातला झाडू कोणाच्या हाती?

बंगळुरूच्या दक्षिणेकडील ज्या वसाहतीत मी राहतो, तिला जयप्रकाश नारायण यांचे नाव आहे. रोजच्या वापरात ते ‘जे. पी. नगर’ असे आखडले असल्याने, हे नाव १९४२ मध्ये हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडणाऱ्या आणि १९७५ मध्ये चंदीगडला स्थानबद्धतेत दैनंदिनी लिहिणाऱ्या माणसाचे आहे, याची आठवण फारशी कोणाला होत नाही. आणीबाणीत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि मधु दंडवते यांना ज्या मध्यवर्ती कारागृहात ठेवले होते, ते याच शहरात होते. तिथे आज ‘फ्रीडम पार्क’ नावाचे उद्यान आहे. कैदी मात्र परप्पन अग्रहार येथील नव्या कारागृहात गेले. जे. पी. नगरपासून ते दहा-बारा किलोमीटरवर आहे.

आपल्या सार्वजनिक स्मृतीत तुरुंग येतो तो पुढाऱ्यांच्या निमित्ताने. तिथे कोण होते, काय वाचत होते, कोणाला भेटत होते, हे आपण चवीने सांगतो. तिथला संडास कोण धुवत होते, पहाटे चुली कोण पेटवत होते, तुंबलेले गटार कोण उपसत होते, हे विचारत नाही. परप्पन अग्रहारमध्ये सुमारे पाच हजार माणसे राहतात. एखाद्या मोठ्या गावाएवढी ही वस्ती रोज खाते, आजारी पडते, कचरा करते. तिचे नळ गळतात, दिवे जातात. एवढा संसार कोणाच्या श्रमावर चालतो आणि ते श्रम कोण वाटून देतो, हा प्रश्न तुरुंग सुधारणेच्या मुळाशी आहे, असे माझे मत आहे.

प्रथम मनुष्यबळाचा हिशेब पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अद्याप निकाली निघालेला नाही असे. कच्च्या कैद्याला कामाची सक्ती करता येत नाही. साध्या कैदेची शिक्षा झालेल्यालाही ती करता येत नाही. सक्तमजुरी आहे ती उरलेल्या एक चतुर्थांशांतील बहुतेकांना. दुसरीकडे, तुरुंग कर्मचाऱ्यांच्या मंजूर पदांपैकी देशभरात जवळपास तीस टक्के पदे रिकामी आहेत. इमारतीची मोठी दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असली, तरी रोजची झाडलोट, स्वयंपाक, पाणी आणि किरकोळ डागडुजी खात्याची वाट पाहत थांबू शकत नाही. ती कैद्यांकडूनच करून घेतली जाते. कागदावर कैदी हा अधीक्षकाच्या ताब्यातील माणूस असतो. प्रत्यक्षात त्याच्या हातांवाचून अधीक्षकाचा एक दिवसही निभत नाही.

या परावलंबनातून एक विलक्षण अधिकार जन्माला येतो. तो म्हणजे काम नेमून देण्याचा अधिकार. ग्रंथालय, कार्यालय किंवा दवाखान्यात नेमणूक होणे म्हणजे सावली, पंखा, बातमी आणि अधिकाऱ्यांशी ओळख. स्वयंपाकघरात जाणे म्हणजे पोटभर जेवण आणि देवघेवीचे साधन. संडास आणि गटाराकडे जाणे म्हणजे दुर्गंधी, आजार आणि इतरांच्या नजरेत खाली येणे. शिवाय कामाच्या शेऱ्यावर शिक्षेतील माफीचे दिवस अवलंबून असतात. बाहेर पैशाने जे विकत घेता येते, ते आत कामाच्या वाटपातून मिळते. म्हणून ही यादी कोण करतो आणि कोणत्या निकषावर करतो, हा केवळ व्यवस्थापनाचा तपशील नाही.

हा निकष दीर्घकाळ जातीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी नोंदवले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जमशेद पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्या तपासल्या. पश्चिम बंगालच्या नियमावलीत सफाईसाठी ठरावीक जातींची नावे होती. राजस्थानच्या नियमांत स्वयंपाक्यासाठी उच्च जातीला पसंती होती. उत्तर प्रदेशात साध्या कैदेतील माणसाला हलके काम देऊ नये असे म्हणून, अशा कामाची ‘सवय असलेल्या’ समाजाचा अपवाद केलेला होता. न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले आणि नियमावल्या दुरुस्त करण्यासाठी राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली. भटक्या-विमुक्तांना ‘सराईत गुन्हेगार’ मानण्याच्या रीतीवरही न्यायालयाने बोट ठेवले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या महाराष्ट्राला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मात्र जातीचा रकाना खोडल्याने जातीची सवय मोडत नाही. आडनाव, गाव, बोली यांवरून मुकादम ओळखायचे ते ओळखतोच. रकाना गेल्यानंतर तर भेदभाव सिद्ध करणे अधिक कठीण होऊ शकते, कारण सफाईच्या कामावर कोण होते याची विश्वासार्ह नोंदच नसते. निकाल अंमलात आणायचा तर काम कोणाला, किती दिवस आणि कोणत्या कारणाने दिले, हे लिहिणारा नवा रकाना हवा.

नोंद नसण्याचा लाभ वरच्यांना कसा होतो, हे परप्पन अग्रहारने वारंवार दाखवले आहे. जुलै २०१७ मध्ये तत्कालीन कारागृह उपमहानिरीक्षक डी. रूपा यांनी दिलेल्या अहवालात, व्ही. के. शशिकला यांच्यासाठी वेगळे स्वयंपाकघर चालत असल्याचा आणि मुद्रांक घोटाळ्यातील अब्दुल करीम तेलगी याच्या सेवेला काही कैदी दिले असल्याचा आरोप होता. वर्तमानपत्रांनी स्वाभाविकपणे शशिकला यांच्यावर मथळे केले. मला त्या अहवालातील दुसरा आरोप अधिक गंभीर वाटतो. एका कैद्याचे अंग रगडण्यासाठी दुसऱ्या कैद्यांचे श्रम देणे, ही सवलत नव्हे, वेठबिगारी आहे. अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याची काही दिवसांतच बदली झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये खून खटल्यातील आरोपी अभिनेता दर्शन यांचे याच कारागृहाच्या हिरवळीवर सिगारेट हातात घेऊन बसलेले छायाचित्र बाहेर आले. काही अधिकारी निलंबित झाले आणि दर्शन यांना बळ्ळारीला हलवण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा चित्रफिती, पुन्हा बदल्या, पुन्हा समिती.

दरवेळी उपाय सुचतो तो यंत्रांचा. या कारागृहाभोवती भ्रमणध्वनी रोखणारी यंत्रणा बसवली, तेव्हा आजूबाजूच्या रहिवाशांचे फोन बंद पडू लागले. आतले चालूच राहिले. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेने या तुरुंगातील दहशतवादी कटाच्या प्रकरणात जे अटक केले, त्यांत कारागृहाचा मानसोपचारतज्ज्ञ आणि एक पोलीस सहायक उपनिरीक्षक होता. आरोप अजून सिद्ध व्हायचे आहेत. पण झाडू मारणाऱ्या कैद्याची झडती घेऊन तुरुंग सुरक्षित होतो, ही समजूत किती अपुरी आहे, हे त्यातून दिसते.

कामकरी कैद्याच्या वाट्याला आणखी एक धोका येतो. मनुष्यबळ कमी असल्याने काही कैद्यांना इतरांवर देखरेख करायला लावले जाते. अशा व्यक्तीकडे जबाबदारी येते, अधिकार आणि संरक्षण येत नाही. जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात मृत्यू पावलेली बंदी अशीच वॉर्डर होती. न्याहारीतील दोन अंडी आणि पाच पाव कमी पडल्याचा जाब तिला विचारला गेला आणि कर्मचाऱ्यांच्या मारहाणीत तिचा जीव गेला, असा आरोप आहे. बाहेरच्या कोणत्याही भोजनगृहात कोठीचा हिशेब चुकला तर फार तर नोकरी जाते. कैद्याला कोणतेही शिस्तीचे अधिकारपद देऊ नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत स्पष्ट म्हटले आहे. कामाच्या जागी मुक्त कामगाराइतकीच सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई द्यावी, असेही त्यात आहे.

मजुरीचा प्रश्न याला जोडूनच येतो. अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द करताना शिक्षा झालेल्यांचा अपवाद ठेवला. आपल्या घटनेच्या तेविसाव्या कलमात तसा अपवाद नाही. १९८२ मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेल्या कामाला वेठबिगारी म्हटले. १९९८ मध्ये, गुजरातमधून आलेल्या प्रकरणात, कैद्यांना न्याय्य मजुरी द्यावी, तीतून अन्नवस्त्राचा खर्च वजा करता येईल आणि एक हिस्सा पीडितांसाठी राखावा, असे सांगितले. तरीही राज्याराज्यांतील अंतर थक्क करणारे आहे. कर्नाटकात अकुशल कैद्याचा दर दिवसाला पाचशे रुपयांहून वर गेला. महाराष्ट्रात २०२३ च्या वाढीनंतर कुशल कैद्याला ७४ रुपये मिळू लागले. येरवड्यातील सुतार आणि परप्पन अग्रहारातील सुतार यांच्या रंध्यात तर काही फरक नाही.

कर्नाटकाचे याबाबत कौतुक करावे लागेल. मात्र मजुरी वाढली की कामाच्या वाटपातील पक्षपाताची किंमतही वाढते. जन्मठेप झालेल्या एका माजी खासदाराला २०२५ मध्ये इथल्या ग्रंथालयात लेखनिकाचे काम मिळाले. शिकलेल्या माणसाला असे काम देण्यात गैर काहीच नाही. परंतु त्या कामासाठी आणखी किती शिकलेले कैदी पात्र होते आणि त्यांना का वगळले, याचे उत्तर कागदावर असायला हवे.

उपाय फार खर्चिक नाहीत. प्रत्येक बराकीत कामाचा साप्ताहिक तक्ता कैद्यांच्या भाषेत लावावा. सफाईचे काम सर्व सक्षम शिक्षाबंद्यांत आळीपाळीने फिरावे. इच्छुक कच्च्या कैद्यांना लेखी संमतीने आणि पूर्ण मजुरीवर काम द्यावे. मैलावाहिनी आणि विजेची दुरुस्ती प्रशिक्षित, पगारी कर्मचाऱ्यांनीच करावी. कैद्याने त्यांच्या हाताखाली कसब शिकावे, आणि दिलेल्या प्रत्येक हत्याराची संध्याकाळी मोजणी व्हावी. हजेरीपट आणि मजुरीचा हिशेब जिल्हा न्यायाधीशांच्या भेटीत तपासला जावा.

हे स्वप्नरंजन नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभारली. तिची कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची. तो त्याआधी बंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्याचा प्रमुख होता. ग. दि. माडगूळकरांची कथा आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ यांमुळे तो प्रयोग देशभर पोहोचला. चित्रपटाने आपल्याला अधीक्षकाचे डोळे लक्षात ठेवायला शिकवले. त्या बारा हातांनी केलेल्या कामाची नोंद कोण ठेवतो, त्याचे दाम कोण देतो आणि ते काम त्यांच्याच हाती का आले, हे विचारण्याची जबाबदारी विधिमंडळाची, न्यायालयांची आणि आपली आहे.