तारीख काचेत, अक्कल गहाण

जुनं काचेचं पेपरवेट कुणी घडवलं हे एका नजरेत सांगणारे तज्ज्ञ हल्ली पैशाला पासरी झाले आहेत. रंगीत फुलं दिसली की फ्रान्सचा 'बाकारा' कारखाना, गुलाब दिसला की तिथलाच 'क्लिशी', आणि आत एखादं साल दिसलं की शंकेला सुट्टी! या बारशाची दक्षिणा मात्र गिऱ्हाइकाच्या खिशातून जाते, म्हणून माझा संताप.

सालाचंच घ्या. आत १८४८ लिहिलेली मिलेफिओरी, म्हणजे रंगीत काचेच्या कांड्यांचे काप मांडून केलेली, पेपरवेटं आणि दौती वर्षानुवर्षं लंडनच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याच्या नावावर खपल्या. पुस्तकांनी छापलं, संग्राहकांनी कपाटात मांडलं. आज अभ्यासक त्यातल्या बऱ्याच वस्तूंचं श्रेय बर्मिंगहॅमच्या आर्क्युलस आणि वॉल्श वॉल्श कारखान्यांना देतात आणि काळ विसाव्या शतकाचा धरतात. कारखाना चुकला, शतक चुकलं. बरोबर आला तो फक्त विक्रेत्यांचा हिशेब. अहो, ते आकडेही काचेचेच! १८४८ची कांडी ओढायला १८४८ साल उजाडावं लागत नाही.

गुलाबाचीही तीच कथा. क्लिशीच्या पेपरवेटांत तो वरचेवर भेटतो, पण तसा गुलाब इतरांनीही केला. कारखान्याच्या खुणेची अक्षरं शोधावीत, तर बाकाराचं 'बी' आणि फ्रान्सच्याच सँ लुई कारखान्याचं 'एसएल' मोजक्याच नगांत सापडतात. १८४५ ते १८६० या बहराच्या काळातला बहुतेक माल निनावीच बाहेर पडला. बाकारा आणि सँ लुईने १९५०च्या दशकात ही कला पुन्हा हाती घेतली, हे सांगायला मात्र कुणाचं तोंड उघडत नाही.

कर्ता ओळखण्याचं खरं काम कंटाळवाणं आहे. आधी घडण समजून घ्या. रंगीत काच साच्यात घालून, तापवून तिची कांडी ओढतात, तिचे काप करून मांडतात आणि वर वितळलेल्या काचेचा घुमट चढवतात. साच्याची नक्षी प्रत्येक कापात उरते. भिंगाखाली पाकळ्या नि दाते मोजा, खात्रीच्या नमुन्यांशी ताडा. घनता काढा, शिशाची काच जड भरते. अतिनील दिव्याखाली झाक पाहा. तळ कसा घासलाय ते बघा. एका दुकानात तळावर हिरवी बनात चिकटवलेली होती. काढा म्हटलं, तर मालक म्हणाले, "साहेब, ती मूळचीच आहे." पुढचं बोलणं मी टाळलं.

एकट्या पुराव्यावर काहीच ठरत नाही. सगळे एकाच कारखान्याकडे बोट दाखवू लागले तरच नाव घ्यावं. नाहीतर सरळ 'कर्ता अज्ञात' लिहावं. त्याने वस्तूचं देखणेपण तसूभर घटत नाही, घटते ती किंमत. झोंबतं ते तेच.

तेव्हा ग्राहकांनो, नाव सांगणाऱ्याला एवढंच विचारा: कशावरून? उत्तरात कुणाचे आजोबा आणि विलायतेहून आलेली पेटी डोकावू लागली, तर पाकीट बाहेर काढू नका.