जुनी बोट, मोठं इंजिन : इसार देण्याआधी वाचा



पिंजऱ्यातल्या माशांना खाद्य न्यायला उजनीकाठचे काही सभासद जुनी फायबरची बोट बघतायत. बोट १० एचपीची, मागे इंजिन २५ चं. विकणारा म्हणतो, इंजिन जवळजवळ फुकटच. आमचं स्पष्ट मत आहे, असा सौदा करू नका.

छोट्या ट्रॅक्टरला मोठा रोटाव्हेटर जोडला की पुढची चाकं उचलतात, हे आपण बघितलंय. बोटीचंही तसंच. जड इंजिनाने मागची बाजू पाण्यात बसते, त्यात खाद्याच्या गोण्या. वेग एकदम कमी केला की मागून येणारी लाट फळीवरून थेट आत. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जण गेले. तिथं कारण वादळी वारा होतं, इंजिन नाही. पण वारा तोच आहे आणि पाणीही तेच.

बोटीला किती एचपी चालतं, ते आतल्या पट्टीवर लिहिलेलं असू शकतं. पट्टी नसली किंवा काढलेली दिसली तर बनवणाऱ्याला विचारा. इंजिन बसवायची मागची फळी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलं असणार. इंजिन खालून धरून हलवा. फळी वाकली तर चहा पिऊन परत या.

बोट आवडलीच तर इंजिन सोडून भाव करा. भरलेली बोट मोठ्या इंजिनानेही फार पळत नाही, पेट्रोल तेवढं जास्त पितं.

बघायला जाण्याआधी ऑफिसला फोन करा. बोट चालवणारा एक सभासद सोबत देऊ.