गादीवरची बैठक, तालमीतली बैठक

लातूरची गंजगोलाई असो वा नांदेडचा मोंढा, पेढीवर आठ-दहा तास बसून असणाऱ्यांच्या मांड्यांचे स्नायू हळूहळू क्षीण होतात. मग एखाद्या पहाटे संकल्प होतो आणि पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढल्या जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. हे दुखणे स्नायूंत आम्ल साठल्याचे, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नव्हे. ते आम्ल तास-दोन तासांतच ओसरते. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, त्यात तंतूंना सूक्ष्म इजा होते. विश्रांतीत ती भरून येते आणि स्नायू पुढच्या भारास सरावतो. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, ते वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर. एका पहाटेच्या नव्हे.

इजा मर्यादेपलीकडे गेली, तर स्नायूंतील प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांवर आघात करते. लघवी चहाच्या रंगाची झाल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. आपल्याकडच्या वैशाखी उन्हात, त्यातही निर्जल उपवासात, हा धोका वाढतो. त्या दिवशी व पारण्याच्या दिवशी जड व्यायाम नकोच.

आरंभ दहा बैठकांनी, एक दिवसाआड करावा. पहिले काही आठवडे मांडी भरलेली दिसणार नाही, तरी उठणे सोपे होईल. कारण आधी मज्जातंतू शिकतात, स्नायू मागाहून वाढतो. ज्यांना बैठक झेपत नाही त्यांनी हात न टेकता खुर्चीवरून उठावे-बसावे. गिऱ्हाईक नसताना पेढीवरही हे जमते. मुनीमजींना तेवढे आधी सांगून ठेवावे.