मैलाटाकीची नोंद कोणाच्या दप्तरी?

घर बांधणे ही मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातील बहुधा एकमेव मोठी उलाढाल असते. म्हणूनच खरेदीखत, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, कर्जाचे प्रकरण, वीजजोडणी आणि नळजोडणीच्या पावत्या हे सारे कागद तो जिवापाड जपतो. याच घराच्या मागील अंगास जमिनीखाली जी मैलाटाकी बांधली जाते, तिचा कागद दाखवा म्हटले तर मात्र तो बहुधा निरुत्तर होतो. मंजूर नकाशाच्या एका कोपऱ्यात काढलेला लहानसा चौकोन एवढीच त्या टाकीची अधिकृत नोंद. तो चौकोन प्रत्यक्षात कोठे उतरला, किती खोल गेला आणि त्याचे पाणी कोठे मुरते, हे गवंडी आणि घरमालक यांनाच ठाऊक. पुढे गवंडी दुसऱ्या गावी जातो, घर विकले जाते आणि जमिनीखालची ती वस्तू विस्मृतीत जाते. धाराशिव जिल्ह्यातील वाढत्या गावांच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही.

सध्याची व्यवस्था काय आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. मैलाटाकीसाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागत नाही. ती घराच्या बांधकाम परवानगीतच गृहीत धरलेली असते. नगरपरिषदेच्या हद्दीत १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आणि डिसेंबर २०२० मध्ये अमलात आलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू होते. मालकीचा पुरावा, कराची पावती आणि परवानाधारक अभियंत्याने सही केलेला नकाशा अर्जासोबत जोडावा लागतो. भुयारी गटार घरापर्यंत पोचलेले नसेल, तर त्याच नकाशात मैलाटाकी आणि शोषखड्डा दाखवावा लागतो. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी त्याची खातरजमा व्हावी अशी अपेक्षा असते. परंतु कित्येक घरांत माणसे प्रमाणपत्राची वाट न पाहता राहावयास जातात आणि अपेक्षा कागदावरच राहते.

खेड्यात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार गावठाणातील बांधकामावर ग्रामपंचायतीचे नियंत्रण आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने ग्रामीण भागातील घरबांधणीचे नियम सैल केले. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावर बांधावयाचे असल्यास मालकीची कागदपत्रे, नकाशा आणि तो नियमानुसार असल्याचा अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीकडे देऊन शुल्क भरले की पुरे; वेगळ्या परवानगीची गरज नाही. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत ग्रामपंचायतीने १० दिवसांत परवाना द्यावयाचा आहे. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचविणारा हा निर्णय स्वागतार्ह होता, यात शंका नाही. तथापि सवलतीबरोबर जबाबदारीही जागा बदलते, हे त्या वेळी फारसे कोणी सांगितले नाही. पूर्वी जे तपासणे कार्यालयाचे काम होते, ते आता अभियंत्याच्या दाखल्यावर आणि मालकाच्या सचोटीवर सोपविले गेले आहे.

यातील धोका समजण्यासाठी थोडे साधे गणित पुरेसे आहे. भारतीय मानक २४७० या १९८५ च्या संहितेनुसार मैलाटाकी किमान ७५ सेंटिमीटर रुंद असावी, पाण्याची खोली किमान १ मीटर असावी आणि तीत निदान १,००० लिटर द्रव मावावा. टाकीतून बाहेर पडणारे पाणी जेथे जमिनीत मुरविले जाते ती जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटरहून जवळ असू नये, असेही ती संहिता सांगते. १८ मीटर म्हणजे सुमारे ५९ फूट. आता ३० बाय ४० फुटांचा भूखंड घ्या. नोकरदार माणसाला परवडतो तो बहुधा एवढाच. त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके अंतरही ५० फुटांहून अधिक भरत नाही. म्हणजे अशा भूखंडावर शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विंधनविहीर या दोन्ही गोष्टी नियमाप्रमाणे एकत्र नांदूच शकत नाहीत. आपण बोअर घेतले नाही तरी शेजाऱ्याने घेतलेले असते, आणि शेजाऱ्याचे बोअर आपल्या नकाशात दिसत नाही. गंमत अशी, की हा १,२०० चौरस फुटांचा भूखंड नेमका त्या १५० चौरस मीटरच्या सवलतीत बसतो. जेथे अंतराचा प्रश्न सर्वांत बिकट, तेथेच तपासणी सर्वांत सैल, असा हा प्रकार आहे.

आपल्या जिल्ह्याच्या जमिनीमुळे तो अधिकच गंभीर होतो. वर काळी चिकण माती आणि खाली बेसाल्टचा कातळ, ही बालाघाटच्या परिसरातील सर्वसाधारण रचना आहे. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते. त्यामुळे शोषखड्डा लवकर तुंबतो आणि मालक कंटाळून टाकीचे पाणी सरळ उघड्या गटारीत सोडतो. खड्डा कातळापर्यंत नेला, तर पाणी भेगांतून वाहत जाते. मातीच्या थरात जी गाळणी व्हावी ती भेगेत होत नाही. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या आणि भूगर्भातील पाण्यावर जगणाऱ्या प्रदेशाला ही हानी परवडणारी नाही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे. परंतु पाणी कोठून उपसले जाते याची वही आणि मैला कोठे साठतो याची वही शेजारी शेजारी ठेवून पाहिली जात नाही. कारण दुसरी वही अस्तित्वातच नाही.

प्रश्न केवळ पाण्याचा नाही, माणसांच्या प्राणांचा आहे. टाकी भरली की ती उपसावी लागते आणि तिच्यात साठलेल्या विषारी वायूने माणसे गुदमरून मरतात. एकाला वाचवावयास उतरलेला दुसराही त्याच मार्गाने जातो. २०१३ च्या कायद्याच्या सातव्या कलमाने मैलाटाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस नेमण्यास बंदी केली आहे, आणि ती बंदी केवळ नगरपरिषदेला किंवा ठेकेदाराला नाही, कोणत्याही व्यक्तीला आहे. संरक्षक साधनांविना कोणा गरिबाला शे-पाचशे रुपये देऊन टाकीत उतरविणारा सुशिक्षित घरमालकही तिच्या कक्षेत येतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूबद्दल १० लाख रुपये भरपाई ठरविली. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाखांवर नेली. परंतु भरपाई मृत्यूनंतर येते. मृत्यू टाळावयाचा असेल तर टाकीचे झाकण कोठे आहे, गाडीची नळी तिथवर पोचते काय आणि टाकी शेवटची केव्हा उपसली, हे आधी ठाऊक असले पाहिजे. ही माहिती म्हणजेच नोंद.

येथे वाचक विचारील, की आणखी एक अर्ज, आणखी एक शुल्क आणि टेबलाखालची आणखी एक देवघेव, हेच का सुचवावयाचे आहे? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. आयर्लंडने २०१२ मध्ये कायदा करून सुमारे पाच लाख घरमालकांना मैलाटाक्यांची नोंदणी सक्तीची केली, तेव्हा तेथील ग्रामीण भागात मोठी नाराजी उसळली. नोंदणीचे शुल्क ५० युरो ठरले होते. आरंभीच्या काही महिन्यांसाठी ते ५ युरोंवर आणावे लागले. नोंद हवी असेल तर ती स्वस्त आणि निर्भय असली पाहिजे, हा त्यातील धडा. दुसरा धडा घेण्यास इतके दूर जावयास नको. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी ठरावीक वर्षांनी प्रत्येक घराची टाकी क्रमाने उपसण्याची पद्धत सुरू केली. तेथे मालकाने अर्ज घेऊन फिरावयाचे नाही. गाडी त्याच्या दारी येते. कागदाचा भार नागरिकावरून कार्यालयाकडे सरकला की विरोध आपोआप मावळतो.

धाराशिव जिल्ह्यातील नगरपरिषदांना यासाठी नवे खाते उघडण्याची आवश्यकता नाही. मालमत्ता कराच्या चतुर्थ वार्षिक आकारणीसाठी कर्मचारी घरोघर मोजमापे घेतातच. त्या तक्त्यात पाच रकाने वाढवावेत: टाकीची लांबी, रुंदी व खोली, झाकणाची जागा, पाणी शोषखड्ड्यात जाते की गटारीत, जवळच्या बोअरपासूनचे अंतर, आणि शेवटच्या उपशाची तारीख. खेड्यात हेच काम नमुना ८ च्या नोंदवहीच्या जोडीने ग्रामपंचायत अधिकाऱ्याला करता येईल. समजा, एखाद्या गावात १५,००० टाक्या आहेत आणि दर तीन वर्षांनी त्या उपसावयाच्या आहेत. म्हणजे वर्षाला ५,००० आणि कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला १७ खेपा. किती गाड्या लागतील आणि मैल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र केवढे असावे, हे या एका भागाकारावरून कळते. आकडाच नसेल तर गाडीही अंदाजाने घेतली जाते आणि मैलाही अंदाजानेच एखाद्या ओढ्यात रिकामा होतो.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळले पाहिजे. टाकीची नोंद हा घराच्या वैधतेचा पुरावाही मानू नये आणि शिक्षेचे निमित्तही करू नये. गुंठेवारीतील घरे नियमित करण्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू केली. तरीही असंख्य घरे नकाशाविना उभी आहेत. नोंद करावयास गेलेल्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी दंडाची नोटीस पडली, तर दुसरा माणूस नोंदीस येणार नाही. आधी सर्वांची मोजणी, मग सुधारणेसाठी पुरेशी मुदत, आणि त्यानंतरच दंड, हा क्रम उलटता कामा नये.

या वाचकवर्गातील शिक्षकांना जनगणनेचे काम नवे नाही. २०११ च्या जनगणनेत घरातील शौचालय मैलाटाकीला जोडलेले आहे काय, हे विचारले गेले होते. त्यातून टाक्यांची संख्या मिळाली, पत्ता मिळाला नाही. जुन्या दप्तरातील एका ओळीचे मोल काय असते, हे २०२३ नंतर निजामकाळातील कुणबी नोंदींच्या शोधात मराठवाड्याने पुरते अनुभवले आहे. कोणी तरी ती ओळ लिहून ठेवली होती, म्हणून ती सापडली. नगरपरिषद जागी होईल तेव्हा होवो. घरमालकाने आपल्या टाकीची मोजमापे, झाकणाची जागा आणि उपशाची तारीख एका कागदावर लिहावी, त्याची एक प्रत खरेदीखतासोबत ठेवावी, दुसरी कार्यालयात द्यावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. घर उद्या दुसऱ्याचे होईल. टाकी उपसावयास येणारा माणूस तर आजच परका असतो. त्याच्यासाठी एवढा कागद लिहून ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे.