वेगळी चूल

चालत्या घरातून कोणी वेगळी चूल मांडली की सारा गाव हळहळतो. कोण चुकले, कोणी कोणास दुखविले, एवढीच चर्चा होते. परंतु प्रत्येक वेगळी चूल भांडणातूनच पेटते असे नाही. ह्याची साक्ष देणारी इंग्लंडातील एका बहीणभावाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लंडनचे ओब्रायन हे आयरिश वंशाचे कॅथलिक कुटुंब. वडिलांचे बालपण हिंदुस्थानात गेलेले. थोरला मुलगा डायोनिसियस. धाकटी मेरी कॉन्व्हेंटच्या शाळेत शिकलेली. १९६० साली ही भावंडे व टिम फील्ड ह्या तिघांनी ‘द स्प्रिंगफील्ड्स’ हे गायकत्रिकूट उभारले. भाऊ झाला टॉम स्प्रिंगफील्ड, बहीण डस्टी. देशोदेशींची लोकगीते ती मंडळी गिटारवर गात. १९६२ मध्ये फील्ड बाहेर पडले व माइक हर्स्ट आले. त्याच वर्षी त्यांचे एक गीत अमेरिकेच्या यादीत विसाव्या क्रमांकावर पोहोचले. पुढे टॉमने रचलेले ‘आयलंड ऑफ ड्रीम्स’ इंग्लंडात पाचवे आले. जुन्या लोकगीताची चाल घेऊन तिला तरुणांच्या ओठी बसेल असे रूप द्यावे, ही टॉमची हातोटी होती.

आणि ऐन भरात, १९६३ च्या शरदात, हे त्रिकूट विसर्जित झाले. न्यूयॉर्कमध्ये कानी पडलेल्या निग्रो गायकांच्या गाण्याने डस्टीचे मन वेधले होते. त्या ढंगाच्या गाण्यास तीन गळ्यांचा मेळ पुरेसा नव्हता.

वेगळे होऊन काय साधले? टॉमने ‘द सीकर्स’ ह्या ऑस्ट्रेलियन मंडळींसाठी गीते रचली. रशियन लोकगीताच्या चालीवरील त्याचे ‘द कार्निव्हल इज ओव्हर’ १९६५ साली इंग्लंडात पहिले आले. डस्टी एकटीच्या बळावर जगप्रसिद्ध झाली. डिसेंबर १९६४ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेस गेली, ती वर्णभेदाने विभागलेल्या श्रोत्यांपुढे गाणार नाही अशी अट करारात घालून. ती गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र सभेपुढे गायिली, तेव्हा सरकारने तिला देशाबाहेर घालविले. पैसा व मानमरातब सोडणे सोपे नसते. परंतु तिने शब्द सोडला नाही.

डस्टी २ मार्च १९९९ रोजी वारली. टॉम जुलै २०२२ मध्ये. एकत्र गाणे झाले अवघी तीन वर्षे. तरीही दोघांनी ‘स्प्रिंगफील्ड’ हे सामाईक नाव अखेरपर्यंत टाकले नाही.

प्रत्येक फूट चांगलीच, असे आमचे म्हणणे नाही. पण तुमच्या घरचे एखादे लेकरू आपली वाट धरू पाहील, तेव्हा त्याला कृतघ्न म्हणण्याची घाई करू नका. चूल वेगळी झाली तरी नाव एक राहू शकते. निरोप रागाने दिला, तर मात्र तेही राहत नाही.